हातावरचा फुगवटा काय सांगतो?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषण. वक्त्या शाळेच्या १९७९ च्या एस.एस.सी. तुकडीच्या विद्यार्थिनी असून बालरोगतज्ज्ञ आहेत.)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, “बाई, आरोग्यावर काहीतरी बोला.” आरोग्यावर काहीतरी म्हणजे मधुमेह, गुडघे नाहीतर आहार. ते तुम्ही रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर वाचताच, आणि दुपारी इथलं जेवण पाहून विसरलाही असाल. म्हणून मी माझ्या रोजच्या कामातली एक लहानशी गोष्ट निवडली आहे. टीबीसाठी हातावर जी सुई टोचतात ती. तिला मांटू टेस्ट म्हणतात. कुणी मंटू म्हणतं, कुणी मॉन्टॉक्स म्हणतं. स्पेलिंगच्या शेवटी एक्स आहे, तो फ्रेंच लोक उच्चारत नाहीत, एवढंच.

विषय निवडायचं कारण सांगते. आपल्या तुकडीच्या ग्रुपवरून मला या एका चाचणीबद्दल सारखे फोन येतात. “नातवाची मांटू पॉझिटिव्ह आली, आता सहा महिने औषध का?” “मुलगा अमेरिकेत शिकायला गेलाय, तिथे टेस्ट केली तर पॉझिटिव्ह. त्याला टीबी झाला का?” “सुनेची निगेटिव्ह आली, म्हणजे सुटलो ना?” तिघांनाही हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर हवं असतं. या चाचणीत ते मिळत नाही. का मिळत नाही, ते आज सांगायचं आहे.

आधी आपापला डावा दंड चाचपून पाहा. बहुतेकांना तिथे एक लहानसा खोलगट व्रण लागेल. तो बीसीजीच्या लसीचा. ज्यांना लागत नाही त्यांनी घाबरू नये, लस देऊनही काहींना व्रण उठत नाही. आणि आपल्या वयाच्यांना देवीच्या लसीचेही व्रण असतील, त्यांची गल्लत करू नका. हा बीसीजीचा व्रण आपल्या गोष्टीत पुढे पुन्हा येणार आहे.

इथे ऐंशीच्या आसपासचे आमचे काही ज्येष्ठ बसले आहेत. त्यांना कदाचित आठवत असेल. १९५१ पासून देशभर बीसीजीची मोठी मोहीम झाली. तेव्हा थेट लस देत नसत. आधी हातावर ट्यूबरक्युलिनची सुई. तीन दिवसांनी तीच माणसं परत यायची, हात बघायची, आणि ज्याच्या हातावर काही उठलं नाही त्यालाच लस द्यायची. पण दोन फेऱ्यांत बरीच मुलं हातची जायची. तिसऱ्या दिवशी मूल शेतावर, नाहीतर मामाच्या गावाला. म्हणून साठच्या दशकात ती आधीची सुई बंद करून थेट लस द्यायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी माणूस परत येत नाही, ही अडचण मात्र अजून तशीच आहे. माझ्या दवाखान्यातसुद्धा.

आता हे ट्यूबरक्युलिन म्हणजे काय? रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगाला दाखवला. आपल्या आनंदीबाई जोशी दुसऱ्याच वर्षी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानेच गेल्या. जंतू सापडला होता, पण क्षकिरणांचा फोटो नव्हता, हातावरची सुई नव्हती, औषध तर नव्हतंच. १८९० मध्ये कॉख यांनी जाहीर केलं की जंतूंच्या अर्कातून आपल्याला क्षयावर उपाय सापडला आहे. युरोपभरचे रोगी बर्लिनला धावले. शेरलॉक होम्सचा लेखक कॉनन डॉयल डॉक्टर होता, तोही धावत गेला आणि शंका घेऊनच परतला. उपाय फसला. काही रोगी उलट दगावले. पण एक गोष्ट लक्षात आली होती: ज्यांना क्षयाच्या जंतूची बाधा झालेली असते त्यांचं शरीर या अर्कावर चिडतं, इतरांचं चिडत नाही. १९०७ मध्ये व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो अर्क त्वचेवर ओरखडा काढून वापरला. ‘अॅलर्जी’ हा शब्दही त्याचाच. १९०८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल मांटूने तो बारीक सुईने त्वचेच्या आत सोडला, म्हणजे मात्रा मोजता येऊ लागली. पुढे फ्लोरेन्स सायबर्ट या अमेरिकन बाईंनी तो अर्क शुद्ध केला, त्याला पीपीडी म्हणतात. आपल्याकडे वापरतात ती पीपीडी आरटी-२३ ही डेन्मार्कची १९५८ ची जात.

या अर्कात जिवंत जंतू नसतो. त्यामुळे सुईने टीबी होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आजीबाई दारातच विचारतात.

सुई टोचल्यावर आत काय होतं? टीबीचा जंतू एकदा शरीरात आला की आपल्या टी-पेशी त्याची ओळख लक्षात ठेवतात. दोन-तीन-आठ आठवडे लागतात ती ओळख पक्की व्हायला. नंतर कधीही त्वचेत त्याच जंतूची प्रथिनं सोडली की त्या पेशी तिथे गोळा होतात आणि जागा कडक फुगते. मधमाशीची अॅलर्जी असलेल्याला ती चावली की मिनिटांत सूज येते, कारण ते काम शरीरात आधीच तयार असलेल्या प्रतिपिंडांचं. इथे पेशींना चालत यावं लागतं. म्हणून ४८ ते ७२ तास. दुसऱ्या दिवशी सकाळीच “डॉक्टर, काही उठलं नाही” असा फोन करू नये.

म्हणजे चाचणी काय सांगते? या शरीराची त्या जंतूशी ओळख आहे. बस. आजार आहे, हे ती सांगत नाही. हा फरक फार मोठा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत टीबीच्या जंतूची बाधा दिसली. ती पाहणी रक्ताच्या चाचणीने होती, पण प्रश्न तोच. या मंडपात आपण तीनशे माणसं असू, तर साधारण नव्वद जणांच्या शरीरात तो जंतू झोपलेला असणार. त्यांतल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीचे त्या झोपलेल्या पाहुण्यासकट म्हातारे होतात. तेव्हा आपल्यासारख्या मोठ्या माणसाची मांटू पॉझिटिव्ह आली, तर ती भारतात वाढल्याची खूण म्हणा हवं तर. लहान मुलाचं तसं नाही. दोन वर्षांच्या मुलाला ही ओळख झाली असेल तर ती नुकतीच झाली, आणि बहुधा घरातल्या किंवा शेजारच्या कुणाकडून झाली. लहान वयात बाधेचा आजार होण्याचा धोकाही पुष्कळ जास्त. मुलाच्या हातावर फुगवटा उठला की मी आधी मुलाकडे बघते आणि मग घरातल्या मोठ्यांकडे बघते. खोकतंय कोण?

आता मोजण्याकडे येते. खिशातलं बॉलपेन काढा. सुई हाताच्या पुढच्या भागात, आतल्या बाजूला, त्वचेच्या अगदी वरच्या थरात देतात. ०.१ मिलिलिटर. बरोबर दिली तर तिथेच सहा ते दहा मिलिमीटरचा पांढुरका फोड येतो आणि थोड्या वेळात जिरतो. फोड आला नाही तर औषध खाली गेलं, ती चाचणी धरू नये. वाचताना लालीकडे बघायचं नाही. लाली कितीही असो, ती मोजत नाहीत. बोटाला कडक लागतो तो फुगवटा मोजायचा. पेन बाहेरून फुगवट्याकडे हळू सरकवायचं, जिथे अडतं तिथे थांबायचं. दुसऱ्या बाजूने तसंच. हाताच्या लांबीला आडव्या दिशेने त्या दोन रेघांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. याला दोन मिनिटं लागतात. पण बरेच ठिकाणी हात लांबूनच पाहून ‘लाल आहे, पॉझिटिव्ह’ असं लिहून देतात. पालकांनी मोबाइलवर फोटो पाठवला तर तो मी वाचतच नाही. फोटोत लाली दिसते, कडकपणा दिसत नाही.

मोजणाराही माणूसच असतो. जगभरच्या नोंदी पाहिल्या तर १० आणि १५ हे आकडे हवेत त्यापेक्षा जास्त वेळा सापडतात, ९ आणि ११ कमी. डोळ्यांना गोल आकडा आवडतो. आणि नेमकी आपली सीमारेषा १० वर. शाळेत प्रयोगाच्या वहीत आपण उत्तर आधी लिहून निरीक्षणं मागून भरायचो, तसलाच हा प्रकार आहे. (सर हसताहेत, म्हणजे त्यांना तेव्हाही माहीत होतं.)

दुसरी गोष्ट औषधाची ताकद. बाजारात एक, दोन, पाच, दहा युनिटच्या बाटल्या मिळतात. दहा मिलिमीटरची सीमा ठरावीक ताकदीसाठी आहे, मुलांत ती दोन युनिटची. जास्त ताकदीचं टोचलं तर फुगवटा मोठा येणारच. शिवाय ही बाटली दोन ते आठ अंशांत, उजेडापासून दूर ठेवायची असते. लोडशेडिंगच्या दिवसांत कुठल्या फ्रिजमध्ये ती किती तास कोमट झाली, हे रिपोर्टवर कुणी लिहीत नाही. म्हणून रिपोर्ट हातात आला की चार गोष्टी बघा: किती युनिट, कधी टोचलं, कधी वाचलं, किती मिलिमीटर. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद मला उपयोगाचा वाटत नाही.

समजा सगळं बरोबर केलं. मग विश्वास किती ठेवायचा? इथे थोडं गणित करू. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. धरा की चाचणी बाधा असलेल्या १०० पैकी ८० मुलांना पकडते, आणि बाधा नसलेल्या १०० पैकी १० मुलांना उगाच पकडते. एका शाळेतल्या १,००० मुलांना टोचलं. त्यांत खरी बाधा फक्त २० जणांना आहे. २० पैकी १६ पकडली जातील. उरलेल्या ९८० पैकी ९८ उगाच पकडली जातील. म्हणजे ११४ मुलं पॉझिटिव्ह, आणि त्यांतली खरी १६. सातातलं एक. आता दुसरी १,००० मुलं घ्या, ज्यांच्या घरात थुंकीत जंतू असलेला रुग्ण आहे. तिथे बाधा धरा ४०० जणांना. खरी पकडलेली ३२०, उगाच पकडलेली ६०. आता पॉझिटिव्ह आलेल्या दर सहांत पाच खरी. सुई तीच, बाटली तीच, वाचणारी बाई तीच. मुलं कुठून निवडली, तेवढंच बदललं. म्हणून निरोगी, कुणाच्या संपर्कात नसलेल्या मुलांना ‘एकदा करून टाकू’ म्हणून मांटू करायला मी नाही म्हणते. पालक रागावतात, पण मी नाही म्हणते.

उगाच पॉझिटिव्ह कशामुळे येते? एक बीसीजीमुळे. लसीतला जंतू टीबीच्या जंतूचा चुलतभाऊ, प्रथिनं बरीचशी तीच. पण जन्मतः दिलेल्या बीसीजीचा हा परिणाम ओसरतो, दहा वर्षांनंतर फार थोड्यांत उरतो. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाने “माझी बीसीजीमुळे पॉझिटिव्ह असेल” म्हणून निर्धास्त होणंही बरोबर नाही. दुसरं कारण माती-पाण्यातले टीबीच्या जातभाईंसारखे निरुपद्रवी जंतू. आपल्यासारख्या उष्ण मुलखात ते भरपूर. तमिळनाडूच्या चिंगलपट्टू भागात १९६८ पासून बीसीजीची फार मोठी पाहणी झाली, तिथे मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या टीबीपासून लसीने संरक्षण दिसलं नाही. त्यामागे हेच मातीतले जंतू असावेत, असं एक स्पष्टीकरण देतात.

आता दोन मुलांविषयी बोलते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. एक सात वर्षांचा मुलगा. रात्रीचा खोकला, दर पावसाळ्यात. कुठेतरी मांटू केली, १२ मिलिमीटर. छातीचा फोटो स्वच्छ, वजन उत्तम, ताप नाही, घरात कुणाला टीबी नाही. तरी ‘टीबी निघाला’ म्हणून चार औषधांचा कोर्स सुरू. घरच्यांनी शाळा बंद केली, ताट-वाटी वेगळी केली, धाकटी बहीण आजोळी पाठवली. तीन महिन्यांनी माझ्याकडे आले तेव्हा खोकला तसाच. दमा होता. पंपाने बरा झाला. पण मला त्या मुलाचा एक प्रश्न अजून आठवतो: “आता मी आईजवळ झोपू?”

दुसरी मुलगी दीड वर्षाची. दोन महिने वजन वाढत नव्हतं, किरकिर, बारीक ताप. मांटू केली होती, शून्य. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि महिनाभर टॉनिक दिलं. ती माझ्याकडे आली तेव्हा झटके येत होते. टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. घरी आजोबा चार महिने खोकत होते, पण ते कुणी बोललं नव्हतं. घरात आत्याचं लग्न ठरत होतं. मुलगी वाचली. एक हात आजही नीट चालत नाही.

त्या शून्याचा अर्थ काय होता? कुपोषण, गोवर, एचआयव्ही, स्टेरॉइड, आणि स्वतः टीबीच जोरात पसरलेला असला तर टी-पेशी प्रतिसादच देत नाहीत. अगदी लहान बाळांतही तसंच. टीबीचा आजार सिद्ध झालेल्या दर १०० रुग्णांत १० ते २५ जणांची मांटू निदानाच्या वेळी निगेटिव्ह असू शकते. म्हणजे मूल जितकं जास्त आजारी, तितका त्या शून्यावर विश्वास कमी. नुकताच संपर्क आला असेल तरी शून्य येतं, ओळख पक्की व्हायची असते म्हणून. गोवराची लस नुकतीच दिली असेल तर चार आठवडे थांबावं, किंवा दोन्ही एकाच दिवशी करावं.

अमेरिकेतल्या मुलाचंही सांगून टाकते. तिथे सरसकट बीसीजी देत नाहीत. कुठलाही धोका नसलेल्यांसाठी तिथली सीमा १५ मिलिमीटर, जास्त टीबी असलेल्या देशातून नुकते आलेल्यांसाठी १०, आणि टीबीच्या रुग्णाच्या निकट संपर्कातल्यांसाठी किंवा एचआयव्ही असलेल्यांसाठी ५. आपला मुलगा मधल्या गटात. बीसीजी घेतलेल्यांसाठी ते आता इग्रा नावाची रक्ताची चाचणी पसंत करतात. मुलाला सांगा, इग्रा करू द्या, छातीचा फोटो काढू द्या. आजार नसेल तर ते प्रतिबंधक गोळ्या सुचवतील. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही.

या इग्रामागची गंमत सांगण्यासारखी आहे. काल्मेत आणि गेरँ यांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षं गाईंच्या टीबीचा जंतू पुन्हा पुन्हा वाढवून बीसीजी तयार केली. त्या खटाटोपात जंतूच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून गेला. त्या तुकड्यातली दोन प्रथिनं टीबीच्या जंतूत आहेत, बीसीजीत नाहीत. इग्रा तेवढ्याच दोन प्रथिनांवर चालते. आता तीच प्रथिनं हातावर टोचायच्या सुईतही आली आहेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सीवाय-टीबी या चाचणीला २०२२ मध्ये आपल्याकडे मान्यता मिळाली. सुई तशीच, वाचन तसंच ४८ ते ७२ तासांनी, सीमा ५ मिलिमीटर. बीसीजीचा गोंधळ तीत होत नाही. पण बाधा की आजार, हे तीही सांगत नाही, आणि दुबळ्या शरीरात तीही फसू शकते. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून टीबी सांगणाऱ्या ज्या स्वस्त चाचण्या पूर्वी सर्रास व्हायच्या, त्यांवर मात्र सरकारने २०१२ मध्ये बंदी घातली, आणि ते फार बरं झालं.

घरात फुफ्फुसाचा टीबी निघाला तर पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी कार्यक्रम या सुईची वाटही बघत नाही. मुलाला आजार नाही ना, हे तपासून थेट प्रतिबंधक औषध देतात, मोफत. आणि आजार आहे असं वाटलं तर थुंकी, लहान मुलांत पोटातून नळीने काढलेला स्राव, सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर तपासा. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यातली. एकदा पॉझिटिव्ह आलेली मांटू कोर्स संपल्यावर पुन्हा करून बघू नका. औषधाने आजार जातो, टी-पेशींची ओळख जात नाही. फुगवटा पुन्हा उठेल आणि तुम्ही पुन्हा मला रात्री अकराला फोन कराल.

जाता जाता, बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी शिकवायला वापरते तो रबरी हात ठेवला आहे. त्यावर तीन फुगवटे आहेत, एक नुसता लाल रंगवलेला. पेन आणि पट्टीही ठेवली आहे. चहाच्या आधी ज्याला मोजून बघायचंय त्याने बघा, आकडा शेजारच्या कागदावर नाव न लिहिता टाका. १० किती जणांनी लिहिलं ते मला बघायचं आहे.